शेवटचं गोड वाक्य

माणसांशी बोलावं कसं आणि त्यांना हुरूप कसा द्यावा, हे शिकायला मालकांनी मला दोन दिवसांच्या वर्गाला धाडलं. शिवणखान्यात बावीस बायका माझ्या हाताखाली. वर्गातून मी एक कार्ड घेऊन आलो: आधी कौतुक, मग चूक, शेवटी पुन्हा कौतुक. कार्ड खिशात आणि मी हवेत!

सोमवारी त्या बावीस जणींतल्या एक मावशी माझ्या टेबलाशी आल्या. शर्टाची काजं हातानं करण्यात त्यांचा हात कुणी धरू शकत नाही.

"साहेब, जरा बोलायचं होतं."

"मावशी, तुमच्यासारखी बोटं अख्ख्या शिवणखान्यात नाहीत!" मी कार्ड वापरायला सुरुवात केली.

त्या अवघडून हसल्या आणि परत गेल्या. मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. मला वाटलं, बाई कौतुकाला चटावली.

गुरुवारी तीस शर्ट परत आले. सगळी काजं तिरकी. मी मावशींना सगळ्यांसमोर बोलावलं.

"मावशी, तुमचं काम म्हणजे आपली शान. पण ही काजं बघा, आंधळ्यानं केल्यासारखी."

मशिनी एकेक करत थांबल्या.

"आंधळीच होत चाललेय," मावशी म्हणाल्या. "महिना झाला, डाव्या डोळ्यापुढे धुकं आहे. कामावरून काढू नका, शर्टांच्या घड्या घालायला बसवा, एवढंच सांगायला तीन दिवस येत होते. तुम्ही बोटांचं इतकं कौतुक केलंत, मग तोंड उघडवेना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई नोकरी वाचवायला माझ्या दारात येत होती आणि मी तिला पाठ केलेली वाक्यं ऐकवत होतो. एकदा तरी "काय झालं?" म्हणायला माझी जीभ झिजली असती का?

मावशींनी आपली छोटी कात्री पिशवीत टाकली, पण जागच्या हलल्या नाहीत.

"आता काय, मावशी?"

"थांबलेय. शेवटचं गोड वाक्य राहिलंय ना तुमचं? आम्हा सगळ्यांना पाठ झालंय ते."

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

"घड्यांच्या टेबलाशी जागा करतो," एवढंच मी म्हणालो, तेही खाली मान घालून. मावशी तिकडे गेल्या. मी त्यांची खुर्ची उचलून त्यांच्या मागोमाग निघालो, तर त्या वळून म्हणाल्या, "राहू द्या साहेब, माझी मी आणते."