वाघ खरा, आवाज नाटकाचा

मित्रांनो, शाळेच्या अडगळीत गुंडाळलेल्या नकाशांखाली एक जुना पत्र्याचा भोंगा पालथा पडलाय ना, तो मी. हसू नका. एके काळी माझा मोठा तोरा होता.

मूल गावच्या बाजारात एका कारागिराने तेलाच्या डब्याचा पत्रा कापून मला बनवलं. धान घरात आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकं उभी राहतात. हरिदास गुरुजी त्यात खलनायक व्हायचे आणि बैलबंडीत बसून माझ्यातून नाटकाची हाळी द्यायचे. ती ऐकून म्हातारीकोतारीसुद्धा चटई उचलून निघायची.

गुरुजी मला शाळेतही आणायचे. धडा कोणताही असो, वाचायचा नाटकाच्या आवाजात. पोरं छाती फुगवून, शेवटचा शब्द लांबवून गर्जायची. त्यात सरस चौथीतली मनकर्णा. तपासणीला साहेब आले तेव्हा तिने साबणाचा धडा असा वाचला की साहेब खुर्चीत दचकले, आणि वर शाबासकी देऊन गेले. मलाही ते गोडच वाटलं.

चौऱ्याऐंशी सालची होळी नुकतीच झाली होती. शाळा सकाळची होती. तळ्यावर मासे धरणारा लटारू धापा टाकत आला.

"गुरुजी, वाघ हाय. तळ्याच्या पाळीवर, मोहाखाली बसून हाय."

बाया टोपल्या घेऊन त्याच वाटेने मोहफुलं वेचायला निघाल्या होत्या. मनकर्णाची माय बायनाबाई सगळ्यांच्या पुढे. गुरुजींनी मला मनकर्णाच्या हातात दिलं. "सांग त्याईले लवकर," म्हणाले आणि स्वतः घंटा बडवायला धावले.

पोरीने मला तोंडाला लावलं आणि शिकवलं होतं तसंच म्हणाली, "सावधाऽऽन! वनराज आला आहे होऽऽ! मोहाखाली मृत्यू उभा आहे होऽऽ!"

मित्रांनो, बाया चक्क हसल्या.

"कोणतं नाटक हाय वं पोरी? परदा कधी उघडते?" त्यांच्यातल्या कलाबाईने विचारलं. वरून गुरुजींची घंटा. नाटकाआधीही घंटा वाजतेच की. बाया चालतच राहिल्या.

मी सुन्न झालो. एवढा मोठा आवाज माझ्यातून गेला आणि एक पाऊल थांबलं नाही. मनकर्णा पांढरीफटक पडली. आणखी जोरात ओरडली, तर आणखी हशा पिकला.

मग तिने मला तिथेच टाकलं आणि जीव खाऊन पळाली. मायचा पदर धरला. ओरडली नाही. हळू म्हणाली, "माय, नोको जाऊ वं. खरंच वाघ हाय."

बायनाबाईने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि टोपली खाली ठेवली. "परता वं बायांनो," ती म्हणाली.

दुपारी त्याच मोहाखाली गावातल्या पत्रूची गाय सापडली, मान मोडलेली. गावाच्या तोंडचं पाणी पळालं. गुरुजी तर पार हादरले. संध्याकाळी ते बायनाबाईच्या दारात गेले.

"बाई, भोंग्यानं तुमी थांबल्या नाई. मंग पोरीच्या एवढ्याशा बोलण्यानं काऊन थांबल्या?"

"भोंग्यातून तुमचं नाटक बोलत होतं, गुरुजी. जवळ आली तवा माही पोर बोलली."

दुसऱ्या दिवसापासून कोणी पुस्तक उघडलं की गुरुजी आधी विचारायचे, "काय सांगून राह्यली? कोणाले सांगून राह्यली?" गंमत असेल तर गमतीने, दुःख असेल तर थांबत थांबत, आणि सूचना साधी, सरळ. खलनायकाची गर्जना फक्त नाटकाच्या धड्याला. मला मात्र नंतर शाळेत कोणी हात लावला नाही. वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू.

मित्रांनो, कधीमधी माझ्यावरची धूळ पुसा, एवढंच मागतो. आणि मोठ्याने वाचाल तेव्हा समोर कोण आहे ते आधी पाहा. ते माणूस तुमच्या आवाजावर भरवसा ठेवून पाऊल टाकत असतं.