दुसऱ्या रेघेपलीकडे

किल्लीवाल्याच्या स्वतःच्या दाराचं कुलूप त्याच्या गल्लीत सगळ्यात जुनं होतं. लोकांच्या दारांना तो नवी कुलपं बसवून द्यायचा, हरवलेल्या किल्ल्यांच्या जुळ्या बहिणी घडवून द्यायचा, मुक्या तिजोऱ्यांना बोलतं करायचा. पण घरच्या दारातलं ते पितळी तोंडाचं, आतून गंजलेलं कुलूप काही त्याला बदलता येत नव्हतं. वहिनी बदलू देत नव्हती.

"त्यांच्याकडे याची किल्ली आहे," एवढंच ती म्हणायची आणि मांडीवरच्या शर्टाची काजं करायला पुन्हा मान खाली घालायची.

‘ते’ म्हणजे किल्लीवाल्याचा थोरला भाऊ. नऊ वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तो होडी घेऊन तळ्यात मासे धरायला गेला. होडी आपली आपण काठाला लागली. गळाची काठी आत, डबा आत, चपलासुद्धा आत. माणूस तेवढा नव्हता. पाणबुडे उतरले, गाळ ढवळला, गळाच्या छंदातल्या सगळ्या दोस्तांनी होड्या घालून तळं विंचरून काढलं. तळ्याने काही परत दिलं नाही. भाऊ ठेवून घेतला आणि त्याच्या खिशातली घराची किल्लीही ठेवून घेतली.

तेव्हापासून कधीमधी दिवेलागणीला कुलपात खरखर व्हायची. किल्ली भोकात शिरावी, अर्धी फिरावी आणि अडावी, अगदी तशी. किल्लीवाल्याचे कान त्याच धंद्यात तयार झालेले. उंदीर कुठला, वारा कुठला आणि किल्ली कुठली, हे त्याला कोणी सांगायची गरज नव्हती. तो उठून दार उघडायचा. बाहेर कोणी नसायचं. उंबऱ्यावर कधी ओल असायची, कधी नसायची.

"कोण आहे?" वहिनी आतून विचारायची.

"कोणी नाही, वहिनी. वारा."

वारा म्हटलं की दोघांनाही बरं वाटायचं. निदान तसं दोघं दाखवायची.

मासे धरायचा नाद खरं तर थोरल्याचा. धाकट्याने ती काठी हातात घेतली ती भाऊ गेल्यानंतर, आणि वेगळ्याच कामासाठी. त्या तळ्यात मोठे शिकारी मासे होते. त्यांच्यात सगळ्यात मोठ्या होतात त्या माद्या, म्हणून गळवाले त्यांना ‘थोरल्या’ म्हणत. पाण्यात काही चमकलं की थोरली झेप घेते आणि आधी गिळते, मग विचार करते. किल्लीवाल्याने हे ऐकलं त्या दिवशी तो दुकानात बसून राहिला, समोर दात न पाडताच बिघडलेल्या पितळी किल्ल्यांची रास. पितळ पाण्यात कसं चमकतं ते त्याला ठाऊक होतं. भावाच्या किल्लीला पितळ त्यानेच निवडलं होतं, दात त्यानेच पाडले होते.

मग तो बिनदाती किल्ल्या कानशीने घासून उजळायचा, टोकाच्या भोकात गळ ओवायचा आणि सुट्टीच्या दिवशी तळ्यावर जायचा. ज्यांना किल्लीची चटक लागली त्या किल्लीलाच येतील, असा त्याचा हिशेब. थोरली लागली की तो तिला धक्क्यावर आणायचा, पोट फाडायचा, बोटांनी आतलं सगळं चाचपायचा. मग मासा शेजाऱ्यांना देऊन टाकायचा. त्या तळ्यातला घास त्यांच्या घरात शिजत नव्हता.

एकदा सापडली होती. बोटांना पितळ लागलं तसा तो धुतल्या न धुतल्या हातांनी धावत घरी आला. दिवे लागायची वेळ. दम खात त्याने किल्ली कुलपात घातली, आणि ती फिरेना. फिरणार कशी? तिला दातच नव्हते. आदल्या वर्षी दोरा तुटून गेलेली, त्याचीच किल्ली होती ती. पण त्याच्या लक्षात येईपर्यंत आत पाट सरकल्याचा, भांडं कलंडल्याचा आवाज झाला आणि दार उघडलं. वहिनी उभी होती. केस सुटलेले, हातात तशीच सुई, आणि चेहऱ्यावर असं काही, की किल्लीवाल्याने तो चेहरा त्यापूर्वी एकदाच पाहिला होता, भावाच्या लग्नात.

"तुम्ही होय," ती म्हणाली. आणि आत जाऊन सांडलेलं पुसायला लागली. पुसता पुसता गुणगुणत होती, ती कधीपासून गुणगुणायची तेच:

*तळ्याच्या ग घराला, ना कडी ना कोयंडा,*
*आत गेल्या पाहुण्याला, कोण देईल सांगावा.*

त्यानंतर किल्लीवाल्याने दुप्पट जिद्दीने थोरल्या धरायला सुरुवात केली. खरी किल्ली एकदा वहिनीच्या हातावर ठेवायची. मग ती रडेल, मग कुलूप बदलता येईल, मग दिवेलागणीची ती खरखर थांबेल. यापलीकडे त्याला काही नको होतं.

आणि नेमका तेव्हाच नवा नियम आला.

होड्यांच्या शेडमध्ये बैठक भरली. गळवाल्यांच्या त्या मंडळाला पाववाला ‘गळकं मंडळ’ म्हणायचा, कारण छप्पर तर गळायचंच आणि वर्गणीही. मत्स्य खात्याची बाई एक लांब फळी घेऊन आली होती. फळीवर दोन लाल रेघा.

"दिवसाला माणशी दोन मासे," ती म्हणाली. "पहिल्या रेघेच्या अलीकडचा मासा लहान, तो सोडायचा. दुसऱ्या रेघेच्या पलीकडचा मोठा, तोही सोडायचा. मधला तेवढा घरी न्यायचा. मंडळाने हात वर करून होकार दिला, तर याच महिन्यापासून."

"लहान सोडा म्हणता, ते कळलं," पाववाला म्हणाला. "लेकरू आहे. पण मोठा का सोडायचा? मी कच्चा पाव भट्टीतून काढत नाही, कबूल. पण फार फुगला म्हणून कधी परत आत घातला नाही."

"तुझे पाव अंडी घालत नाहीत," निवृत्त मास्तर म्हणाले. ते नियमाच्या बाजूचे.

"घालत असते तर मी इथे डास मारत बसलो असतो होय?"

शेड हसली. मग वादावादी जुंपली. कोणी म्हणालं, मोठ्या माशाशिवाय गळ टाकायचा तरी कशाला, नुसता तळ्याला नमस्कार करून घरी येऊ. कोणी म्हणालं, असंच चाललं तर नमस्कार करायला तळंच राहील, मासे नाही. पाववाला आणि मास्तर एकाच होडीतून वर्षानुवर्षं जाणारे. ते आता एकमेकांकडे पाठ करून बसले.

किल्लीवाला उठला. तो बैठकीत कधी बोलत नसे, म्हणून सगळे त्याच्याकडे वळले.

"मोठ्याला माप लावू नका," तो म्हणाला. "बाकी काही करा. दोनाचा एक करा, मला तोही देऊ नका. पण थोरली लागली, तर ती उघडायला मिळाली पाहिजे."

कापायला म्हणाला नाही, उघडायला म्हणाला. पाववाला आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागला. त्या शेडमधल्या प्रत्येकाने नऊ वर्षांपूर्वी होडी घातली होती.

"उघडायला म्हणजे?" खात्याच्या बाईने विचारलं.

"त्याच्या धंद्यातला शब्द आहे," मास्तर हळूच म्हणाले.

तेव्हा मागच्या बाकावरून वहिनीचा आवाज आला. ती आल्याचं किल्लीवाल्याला माहीतही नव्हतं. थोरल्या भावाच्या जागी मंडळात तिचं नाव होतं, पण शेडमध्ये तिने या नऊ वर्षांत पाऊल टाकलं नव्हतं.

"बाई, माशाचं वय कळतं का हो?"

"कळतं. खवल्यावर वर्षागणिक एक वळं उमटतं, झाडाच्या खोडात उमटतं तसं."

"मग या दुसऱ्या रेघेपलीकडचे, ते किती वर्षांचे?"

"दहाच्या पुढचे. काही त्याहून पुष्कळ म्हातारे."

"आणि मधले?"

"ते सगळे अलीकडचे. चार-पाच वर्षांचे."

वहिनीने फळीवरच्या दुसऱ्या रेघेकडे बोट केलं. "म्हणजे नऊ वर्षांपूर्वी जे पाण्यात होते, ते फक्त हे मोठे."

"हो."

"मग सोडा हे मासे," वहिनी म्हणाली. "त्या संध्याकाळी त्यांच्याजवळ जे कोणी होतं, त्यातले एवढेच उरलेत."

आणि तिने हात वर केला. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेला तिचा हात. मास्तरांचा हात वर गेला, मागच्या रांगेतले गेले, मग नाक ओढत पाववाल्याचाही गेला. किल्लीवाल्याचे हात तेवढे खिशात राहिले, बिनदाती किल्ल्यांवर मुठी आवळून.

घरी जाताना तो दोन पावलं पुढे चालत होता. कोपऱ्यावरच्या लोहाराच्या बंद दुकानापाशी थांबला.

"वहिनी, माझी एवढी वर्षं तुम्ही एका हाताने पुसलीत."

"रागावलात, भाऊजी?"

"तुमच्यासाठीच शोधत होतो."

"माहीत आहे मला. सापडली असती तर काय केलं असतंत?"

"तुमच्या हातावर ठेवली असती. तुम्हाला खरं काय ते पटलं असतं. मग कुलूप बदललं असतं. मग ते संध्याकाळचं..." तो अडला. त्या आवाजाबद्दल दोघं कधी बोललेली नव्हती.

"मलाही ऐकू येतं," वहिनी म्हणाली.

रस्त्यावरून एक सायकल गेली. तिला वाट द्यायला दोघं दुकानाच्या पायरीकडे सरली.

"मला काय पटायचं राहिलंय, भाऊजी? गेले ते. तुम्ही सगळे होड्या बांधून परत आलात तेव्हाच मला कळलं. पण गेलेल्या माणसाजवळ आपल्या घराची किल्ली असावी. बाकी सगळं काढून घेतलं त्यांच्याकडून, तेवढी एक राहिली आहे. तुम्ही ती तिथून उचलून आणलीत, तर ते बाहेरच राहतील की."

किल्लीवाला पुन्हा चालायला लागला. दारं उघडून देण्यात त्याचा जन्म गेला होता. पण कोणी बाहेर राहील या भीतीने किल्ली न शोधणारं माणूस त्याच्या दुकानात कधी आलं नव्हतं.

पुढचे काही आठवडे तो तळ्यावर गेला नाही. मग एका सुट्टीला गेला, सवयीने. धक्क्याच्या लाकडावर आता ती लाल रेघांची फळी ठोकलेली होती. पाववाला आणि मास्तर पुन्हा एका होडीत बसून लांबवर भांडत होते. भांडण पाण्यावरून अर्धंच ऐकू येत होतं.

ऊन उतरलं तेव्हा दोरा ताठ झाला. लागलेली थोरली आहे, हे मनगटाने आधीच सांगितलं. ती खाली खाली ओढत राहिली, जणू तळाशी काही दाखवायचं होतं. मग थकली, वर आली. किल्लीवाल्याने तिला ओल्या हातांनी उचलून फळीवर ठेवलं. शेपूट दुसरी रेघ ओलांडून चांगलं चार बोटं पुढे गेलं. ओठाच्या कडेला एक जुना, भरून आलेला व्रण होता.

गळ काढताना त्याचा डावा हात तिच्या पोटाखाली होता. तिथे काही तरी टणक लागलं.

त्याने डोळे मिटले. डोळ्यांचं काम नव्हतं, बोटांचं होतं. कातडीआडून गोल डोकं लागलं. डोक्यातून निघालेली सपाट दांडी लागली. लांबी बोटाएवढी. किल्ली होती, त्यात शंका नव्हती. दांडीला दात असतील तर घराची. नसतील तर त्याचीच एखादी, तुटल्या दोऱ्याबरोबर गेलेली. अंगठा एक जवभर पुढे सरकवला असता, तर तिथल्या तिथे कळलं असतं.

चाकू खिशात होता. होडीतल्या दोघांच्या पाठी इकडे होत्या. मासळीचे कल्ले उघडत होते, मिटत होते, उघडत होते. तिचा गोल डोळा त्याच्याकडे बघत होता, आणि किल्लीवाल्याला वाटलं, या डोळ्याने पाहिलेली भावाची शेवटची घटका आपण कधी पाहणार नाही. जे पाहिलं ते हिच्यापाशी आहे. किल्ली असेल तर तीही हिच्यापाशी आहे. आणि ही भावापाशी आहे.

त्याचा अंगठा सरकला नाही.

पायरीवर गुडघे टेकून त्याने तिला पाण्यात धरलं. हात सैल केले तरी ती क्षणभर तिथेच थांबली, तोंड त्याच्या तळव्याला लावून. दुसऱ्या क्षणी वळली. पितळाचा एक पिवळा झोत, का शेवटचं ऊन, तिच्या कुशीत चमकलं आणि खोल गेलं. पाणी मिटलं. ना कडी, ना कोयंडा.

"काही लागलं का रे?" होडीतून पाववाला ओरडला.

"लागली होती. रेघेपलीकडची होती."

"मग?"

"मग काय? गेली आपल्या घरी."

दिवेलागणीला किल्लीवाला घरी आला तो आत गेला नाही. दुकानातून आणलेली तेलाची कुपी घेऊन उंबऱ्यावर उकिडवा बसला. कुलपाच्या तोंडात कापसाची वात फिरवून त्याने आतला गंज काढला, थेंब थेंब तेल सोडलं, आपली किल्ली घालून ती मागे-पुढे फिरवत राहिला. खरखर हळूहळू मऊ झाली, मग पुसट झाली, मग किल्ली लोण्यातून फिरावी तशी फिरली.

"कोण आहे?" वहिनीने आतून विचारलं.

"मी आहे, वहिनी. कुलूप फार अडत होतं. तेल घालतोय."

आत सुई थांबली.

"बरं केलंत, भाऊजी," वहिनी म्हणाली. "ओल्या हातांना जड जात असेल."