बाबांचा घसा बसलाय

आमच्या बाबांनी उभा जन्म बसस्थानकावर माइकपुढे बसून लोकांना गाड्या सांगितल्या. बाबा निवृत्त झाले, आवाज काही झाला नाही. आंघोळीला टॉवेल मागायचे तरी शेजारची माणसं खिडकीत यायची.

धाकटा भाऊ परदेशात लिफ्टदुरुस्तीच्या कामावर होता. तिकडे सारखी कसली ना कसली धुमश्चक्री, आणि आपलं सरकार तिथल्या आपल्या माणसांसाठी फोनवर इशारे पाठवायचं. दूतावासात नाव नोंदवताना या पठ्ठ्यानं नंबर दिला बाबांचा. स्वतःची सिमकार्डं तो मोजे बदलावेत तशी बदलायचा ना! मग इशारा आला की बाबा घसा खाकरून त्याला फोन लावायचे. "नागरिकांनी कृपया लक्ष द्यावं! गर्दीची ठिकाणं टाळावीत! गाढवानं वेळेवर जेवून घ्यावं!" शेवटचं बाबांच्या पदरचं. धाकटा खिदळायचा, पण ऐकायचा. मला तोंडावर म्हणायचा, "ताई, तुझं ऐकलं तर मी घराबाहेरच पडायचो नाही. बाबा सांगतील तेच खरं." आगाऊ मेला.

एका सकाळी इशारा आला: घरातच थांबा, विमानतळाचा रस्ता अजिबात धरू नका, तिथे गोळीबार चालू आहे. बाबांनी तो वाचून दाखवला. दुपारी जेवून जरा आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

मामा म्हणाले, "पोराला इतक्यात कळवू नका. कळलं की तो थांबायचा नाही, त्याच रस्त्यानं निघेल." शेवटी मीच म्हटलं, रस्ता मोकळा झाल्याचं कळलं की सांगू, तोवर कुणी तोंड उघडायचं नाही. मामांना कशाला दोष देऊ? ठरवलं मी.

संध्याकाळी त्याचा फोन आला. "बाबांना दे."

"बाबांचा घसा बसलाय. डॉक्टरांनी बोलायला मनाई केलीय."

असा हसला, असा हसला! "आपल्या बाबांना गप्प बसवलं? त्या डॉक्टरच्या माझ्यातर्फे पाया पड!" मीही हसले. काय करणार? स्वयंपाकघरात आई तोंडात पदर कोंबून बसली होती.

त्यानंतर बाबांचा फोन माझ्याकडे. मी चष्म्याच्या दुकानात काचा घासते, तिथेही तो जवळ ठेवायचे. धाकटा रोज विचारायचा, "सुटला का घसा?" आणि मी रोज काहीतरी ठोकून द्यायचे. वाफ घेतायत, आता झोपलेत, आज जरा बरं आहे. खोटं इतकं सफाईदार यायला लागलं की माझी मलाच शिसारी यायची.

आणि मग भर दुपारी, गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम बसवत असताना, इशारा आला. ताबडतोब देश सोडा. दूतावासाच्या बसगाड्या आज संध्याकाळपर्यंतच सीमेकडे निघतील, नंतर मदत करता येणार नाही. गिऱ्हाईक तसंच टाकून मी मागच्या खोलीत पळाले.

"निघ! आत्ताच्या आत्ता निघ!"

"ताई, इथे हॉस्पिटलची लिफ्ट बंद पडलीय. पेशंट जिन्यावरून उचलून नेतायत. ती सोडून कुठे निघू? उद्या बघतो."

"उद्या बस नाही रे! मी सांगतेय ना!"

"तू काय, घाबरटच आहेस. बाबांना विचार."

"मी दुकानात आहे."

"मग घरी जा आणि त्यांना फोन दे. बोलवत नसेल तर नुसतं खाकरू देत. ते खाकरले की निघालोच समज."

काचा घासायच्या यंत्राला धरून मी उभी राहिले.

"बाबा नाहीत रे," मी म्हटलं. "गेले आपले बाबा."

पलीकडे लांब कुठेतरी काहीतरी कोसळल्याचा आवाज.

"कधी?"

सांगितलं.

"म्हणजे मी डॉक्टरच्या पाया पड म्हणालो, तेव्हा..."

"हो."

"आई?"

"घरी आहे. एकटी आहे. ये रे राजा. माझ्याशी भांडायला ये, पण ये."

फोन बंद झाला.

तो आला. शेवटच्या बसनं सीमा ओलांडली आणि तिथून विमानानं आला. हातात साधी पिशवीसुद्धा नव्हती. विमानतळावर आईला घट्ट धरून हमसून हमसून रडला. मी पुढे केलेला हात त्यानं पाहिला आणि टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसला.

घराच्या दारात चपला काढताना, माझ्याकडे न बघता म्हणाला, "माझे बाबा गेले होते आणि तू मला हसवलंस, ताई."

"अरे, तू त्याच रस्त्यानं निघाला असतास."

"हो. निघालो असतो."

आणि आत गेला. आता इथेच असतो. जिवंत आहे, धडधाकट आहे, दोन वेळा जेवतो, आईशी बोलतो. माझ्याशी बोलत नाही.