परतीचे इंधन

मित्रांनो, मी एक जुना अग्निबाण आहे. खरे सांगायचे तर अर्धाच आहे. अग्निबाणाचा खालचा, जाडजूड, दणकट भाग म्हणजे मी. पहिला जोर लावायचा, ओझे ढगांच्या पार वर नेऊन सोडायचे आणि मग उलटे फिरून, पाय पसरून, समुद्रातल्या तराफ्यावर येऊन उभे राहायचे, हे माझे काम होते. माझ्या डोक्यावर जो वरचा भाग बसे, त्याला मी भाऊ म्हणत असे. उपग्रहांना पुढे त्यांच्या कक्षेत पोचवायचे काम त्याचे. तो कधीच परत येत नसे. दर खेपेला मला नवा भाऊ मिळे आणि दर खेपेला त्याला वाटेत सोडून मी घरी येई.

माझा जन्म एका लांबलचक शेडमध्ये झाला. पत्रे वाकवून माझे पोट तयार झाले, वेल्डरने ते सांधले, आणि खाली सात इंजिने बसली. माझ्या आधीचे सगळे अग्निबाण एकदाच उडायचे आणि समुद्रात बुडायचे. एवढ्या कष्टाने घडवायचे आणि पाण्यात घालवायचे, हे शेडमधल्या लोकांच्या जिवाला लागे. म्हणून त्यांनी मला परत यायला शिकवले. पहिल्या खेपेला मी उतरलो तेव्हा तराफा हेलकावे खात होता, माझा एक पाय वाकडा टेकला, आणि मी दारू प्यायल्यासारखा कलून उभा राहिलो. तरी किनाऱ्यावर माणसे एकमेकांच्या गळ्यात पडून रडली. पुढे सवय झाली. शेडमधले लोक माझी थट्टा करू लागले, "हा बघा, सकाळी सासरी जातो आणि जेवायच्या आत माहेरी परत!"

प्रत्येक खेपेनंतर मला तपासायची, ती ताई. माझ्या देखभालीची प्रमुख. सगळी शेड तिला ताईच म्हणायची. हातात बॅटरी आणि खांद्यावर ओले फडके घेऊन ती माझ्या इंजिनांमध्ये कमरेपर्यंत शिरायची. पण त्याआधी, मुलाचा ताप बघावा तसा तळवा माझ्या काजळलेल्या अंगावर ठेवायची आणि म्हणायची, "काय रे, दमलास?" मित्रांनो, मला तोंड नाही, नाहीतर मी नक्की उत्तर दिले असते.

ताईला एक धाकटी बहीण होती. तिला सगळे छोटी म्हणत. आई गेली तेव्हा छोटी दुसरीत होती. तिच्या वेण्या ताईने घातल्या, तिचा अभ्यास ताईने घेतला, आणि परीक्षेच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर ताईच उभी राहिली. मोठी झाल्यावर छोटी बंदरावरच्या रेडिओ खोलीत नोकरीला लागली. तिथे असताना एक लहान होडी हरवली. होडीवरच्या माणसांनी मदतीसाठी हाका मारल्या असतील, पण खोल समुद्रात त्या ऐकणार कोण? होडी सापडली ती उलटी. त्यानंतर छोटीने नोकरी सोडली आणि चार मित्रमैत्रिणींना गोळा करून, सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या माडीवर, एक उपग्रह बनवायला घेतला. बुटाच्या खोक्याएवढा. होडीवरच्या माणसाने नुसते एक बटण दाबायचे, आणि आभाळातल्या त्या पेटीने ते ऐकून बंदराला कळवायचे.

एवढ्याशा पेटीसाठी कुणी वेगळा अग्निबाण सोडत नाही. मोठा उपग्रह जात असतो, त्याच्या कोपऱ्यात तिला जागा मिळते. मोठ्याला आधी सोडायचे, मग आणखी वर जाऊन लहानग्याला सोडायचे. छोटी दुसऱ्या एका कंपनीकडे चौकशी करत होती. ताईच म्हणाली, "आमच्या म्हाताऱ्याबरोबर पाठव. माझ्या हाताखालचा आहे तो. भरवशाचा."

उड्डाणाच्या आधी एका दुपारी उड्डाणप्रमुख कॉफीचा पेला घेऊन शेडमध्ये आले. ते शांत स्वभावाचे गृहस्थ होते. ताई माझ्या पायाचा सांधा पुसत होती.

"ताई, एक ठरवायचंय," ते म्हणाले. "वर जाताना याचं एखादं इंजिन बंद पडलं, तर? परतीसाठी ठेवलेलं इंधन वर ढकलायला वापरू द्यायचं, की राखून ठेवायचं? आधीच सांगून ठेवावं लागतं याला."

"राखून ठेवलं तर काय होईल?"

"मोठा उपग्रह पोचेल. वरच्या भागाकडे तेवढं शिल्लक असतं. पण मग तुमच्या छोटीच्या पेटीसाठी काही उरेल असं वाटत नाही. वापरलं तर दोन्ही पोचतील, पण हा परत येणार नाही."

ताईने फडके पिळले. "आजवर याचं एक इंजिन तरी कुरकुरलंय का?"

"नाही."

"मग राखून ठेवा. मी नाही याला पाण्यात घालवणार."

उड्डाणप्रमुख जरा घुटमळले. "छोटीला एकदा विचारू या का?"

"तिला कशाला घोर लावता? आधीच तिची झोप उडालीय. जे होणारच नाही, ते विचारून काय करायचं?"

ते मान डोलावून गेले. ताईने माझ्या पायावर हलकेच थाप मारली. आणि मित्रांनो, मला फार बरे वाटले. कुणीतरी मला एवढे जपते आहे, या सुखात ती पेटी माझ्या ध्यानातही आली नाही.

उड्डाणाची सकाळ स्वच्छ होती. छोटी आणि तिचे सोबती हात धरून उभे होते. मी उचललो गेलो, ढग मागे पडले, आणि अचानक माझ्या एका इंजिनाच्या पंपातले पाते तुटले. आतल्या अंगाला, जिथे कुणाची बॅटरी पोचत नाही अशा जागी. त्यात ताईची चूक नव्हती, कुणाचीच नव्हती. ते इंजिन बंद पडले. उरलेली सहा जीव तोडून जळत राहिली. माझ्या पोटात इंधन डचमळत होते. आणखी थोडा वेळ जळलो असतो तर भावाला हवा तेवढा वेग मिळाला असता. पण ते इंधन परतीचे होते, राखून ठेवलेले. मला जसे सांगितले होते तसे मी केले. भावाला वेळेआधी, कमी वेगाने सोडले आणि वळलो.

त्या दिवशी मी इतका सरळ उतरलो, की पूर्वी कधीच तसा उतरलो नव्हतो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एक इंजिन गमावूनही घरी आला, म्हणून वर्तमानपत्रांत माझे फोटो आले. मोठा उपग्रह ठरल्या जागी पोचला. त्याला पोचवताना भावाचे सगळे इंधन संपले, आणि छोटीची पेटी तिथेच, फार खाली सोडून द्यावी लागली. तिथे विरळ का होईना, हवा असते. ती पेटीला ओढत राहते. पेटी जागी झाली होती, तिने "मी ठीक आहे" असा संदेशही पाठवला होता. तिच्यात काहीही खोट नव्हती. काही आठवडे ती खाली खाली येत राहिली आणि एके दिवशी जळून गेली.

मी परत आल्यावर ताईने माझ्या अंगावर हात ठेवला, पण "दमलास का" असे विचारले नाही. कारखान्याच्या सभेत चांगल्या देखभालीबद्दल तिचे नाव पुकारले गेले, तेव्हा ती माझ्या इंजिनात शिरून बसली होती. माणसे शोधत आली. "डोकं दुखतंय" म्हणाली. मला माहीत होते काय दुखत होते ते. मलाही तेच दुखत होते. मी नुसता उभा होतो, धडधाकट, आणि माझ्या उभे असण्याचीच मला लाज वाटत होती.

सगळ्यात वाईट गोष्ट ही, की छोटीच ताईची समजूत घालत होती. शेडमध्ये डबा घेऊन येई आणि म्हणे, "खा गं. इंजिन गेलं त्याला तू काय करणार? तुझी रया बघ कशी गेलीय." ताई मान खाली घालून घास गिळे. एकदा दोनदा तिने तोंड उघडले आणि पुन्हा मिटले. असे कित्येक महिने गेले.

एक दिवस छोटीने ते तुटके पाते बघायला मागितले. ताईने ते तिच्या हातावर ठेवले. नखाएवढा तुकडा.

"एवढ्याशाने घात केला," छोटी म्हणाली.

"याने नाही केला," ताई म्हणाली. आणि मग तिने सगळे सांगितले. उड्डाणप्रमुखांचा प्रश्न, तिचे उत्तर, आणि छोटीला विचारू या का असे ते म्हणाले होते, तेसुद्धा.

छोटीने पाते मुठीत धरले. "म्हणजे इंधन होतं?"

"होतं."

"याच्या पोटात?"

"हो."

छोटीने मान वर करून माझ्याकडे पाहिले. तुम्ही सहलीला येऊन बघता तसे कौतुकाने नाही. मला तेव्हा वाटले, आपण तराफ्यावर न उतरता पाण्यात गेलो असतो तर बरे झाले असते.

"ताई, मला विचारलं असतंस ना, तर मीसुद्धा राखून ठेव असंच म्हणाले असते," ती म्हणाली. "खरंच. इंजिन बंद पडेल असं मलाही वाटलं नसतं. पण ते मी म्हणायला हवं होतं. माझी पेटी होती ती."

"चुकलं माझं."

"तू मला अजून दुसरीतलीच समजतेस."

तिने पाते बाकावर ठेवले आणि गेली. त्यानंतर डबा येणे बंद झाले. ताई एकटीच बाकावर बसून खायची, अर्धे टाकायची. दोघी एकाच गावात राहत होत्या, पण एकमेकींची खबर त्यांना इतरांकडून कळे. छोटीचे दोन सोबती पोटापाण्यासाठी दुसरीकडे गेले. उरलेल्यांना घेऊन तिने पुन्हा तशीच पेटी बनवली. मधे दोन वर्षे गेली.

आणि मग एका सकाळी ती आमच्या शेडच्या दारात उभी राहिली. ताईच्या हातातला पाना खाली पडला.

"दुसऱ्या कंपनीत जागा मिळत होती," छोटी कोरडेपणाने म्हणाली. "पण तिथंही हा प्रश्न कुणीतरी कुणाला न विचारता ठरवलाच असेल. इथं निदान मला प्रश्न माहीत आहे."

उड्डाणप्रमुखांना बोलावले. त्यांनी तोच प्रश्न, या वेळी छोटीकडे बघून, विचारला. इंजिन बंद पडले तर परतीचे इंधन वापरायचे की राखायचे?

"वापरायचं," छोटी म्हणाली. "पेटी आधी." आणि तिने ताईकडे पाहिले.

ताईने हात खिशात घातले होते. "बरोबर आहे," ती म्हणाली. "तसं सांगा त्याला." तिचा आवाज हलला नाही, पण मला कळले की खिशात तिच्या मुठी वळल्या होत्या.

ते माझे शेवटचे उड्डाण होते. वर जाताना मी काय मागत होतो सांगू? एखादे इंजिन बंद पडावे, अशी माझी इच्छा होती! म्हणजे मला माझ्या पोटातले सगळे देऊन टाकता आले असते आणि एकदाचा मी मोकळा झालो असतो. किती हा वेडेपणा! पेटीच्या जिवावर मला माझे समाधान हवे होते. पण सातही इंजिने गुण्यागोविंदाने चालली. भाऊ पूर्ण वेगाने पुढे गेला, पेटी ठरल्या उंचीवर पोचली, आणि मी नेहमीसारखा घरी आलो. माझ्याकडे कुणी काही मागितलेच नाही. मोकळे होणे माझ्या नशिबी नव्हते.

आता मी जुना झालो, म्हणून मला कारखान्याच्या अंगणात उभे केले आहे. त्या शेवटच्या उड्डाणानंतर काही आठवड्यांनी दोघी बहिणी इथे आल्या होत्या. ताई घाईने आलेली, हात तसेच तेलकट.

"काल पहिली हाक आली," छोटी म्हणाली. "सुकाणू तुटलं होतं. तिघं होते होडीवर. बटण दाबलं, पेटीने ऐकलं. दुपारपर्यंत तिघांना आणलं."

ताई मटकन माझ्या चौथऱ्यावर बसली. ती हसत होती आणि डोळे पुसत होती, त्यामुळे तेल सगळ्या गालाला लागले. मग ती हसायची थांबली.

"छोटे, मधल्या दोन वर्षांत... कुणी हाक मारली असेल का गं?"

छोटी ताईच्या शेजारी बसली, स्वतःच्या रुमालाने तिचा गाल पुसला.

"ते कळायला ऐकणारं कुणी असायला हवं होतं, ताई."

ती हे रागाने म्हणाली नाही. म्हणूनच ते मला अजून सोसत नाही.

मित्रांनो, तुम्ही सहलीला येता, माझ्याभोवती गोळा होता, परत आलेला अग्निबाण म्हणून टाळ्या वाजवता. वाजवा, माझी ना नाही. तुमच्याही आवडीच्या वस्तू जपा, त्या टाकून देऊ नका. जपणे चांगलेच असते. माझी एकच विनंती आहे. काही जपताना दुसऱ्या कुणाचे ओझे आपल्या पाठीवर आहे का, ते बघा, आणि असेल तर त्या माणसाला आधी विचारा. तो लहान आहे, तो घाबरेल, असे मनाशी म्हणून गप्प बसू नका. उत्तर काहीही येवो, कदाचित तुमच्या मनातलेच येईल. पण ते त्याच्या तोंडून येऊ द्या.