सदतीस नंबरचा फॉर्म

१९९७च्या जानेवारीत आमच्या शाळेत बायकांच्या तपासणीचं शिबिर झालं आणि गावातली सगळ्यात भित्री बाई कोण, हे त्यात सिद्ध झालं. ती मी.

आमचं गाव कोल्हारच्या अलीकडे, प्रवरेकाठी. तिथल्या प्राथमिक शाळेत मी तीस वर्षं शिकवत होते. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर होण्याआधीच ओळखता येतो, म्हणून नगरच्या एका डॉक्टरीणबाई तपासायला येणार होत्या. बायका गोळा करणं आणि फॉर्म भरणं माझ्याकडे. गावातल्या निम्म्या लेकींना बाराखडी मीच शिकवलेली, त्यामुळे मी दारात उभी राहिले की त्या अजूनही हातातलं काम टाकून उठत. “वेळेत कळलं तर बरा होतो आजार. त्यात लाजायचं काय?” असं मी घरोघर सांगत हिंडले. माझी स्वतःची पाळी जाऊन चार वर्षं झाली होती आणि दिवाळीपासून मला पुन्हा डाग लागत होता, हे मात्र मी घरातसुद्धा बोलले नव्हते.

शिबिराच्या दिवशी चौथीच्या वर्गात पडदा लावला. सदतिसावा फॉर्म शाळेत पाणी भरणाऱ्या साळूबाईचा. नाव, वय, गाव लिहून झालं आणि पडद्याआडचं टेबल पाहून साळूबाई मागच्या दारानं पसार झाली.

संध्याकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बाई, तुम्हीही येता का? नमुना घ्यायची एक काच उरलीय.”

माझ्या नावाचा फॉर्म भरायचा म्हणजे तो गावच्या नर्सच्या हाती पडणार आणि गावभर होणार. आणि सदतीस नंबरचा भरलेला फॉर्म वाया जात होता. मी काटकसरी बाई. खडूचे तुकडेसुद्धा मी डब्यात साठवते. काचेवर तर नुसता नंबरच पडणार होता. तेव्हा सदतीस नंबर घेऊन मीच टेबलावर चढले. निकालाच्या सगळ्या चिठ्ठ्या शाळेच्या पत्त्यावर येणार होत्या. साळूबाईची मी गुपचूप उघडणार होते. गणित अगदी बिनचूक होतं.

पंधरा दिवसांनी मी ओसरीत तिसरीचे पाढे घेत होते. साळूबाई आली. मागे तिचा नवरा भिमाजी आणि गल्लीतल्या चार बायका.

“बाई, ह्ये वाचा,” तिनं चिठ्ठी पुढे केली. “इजयमाला नर्सनं कालच घरी आनून दिली. म्हनली, लई तातडीचं हाय, नगरला जा.”

तातडीच्या चिठ्ठ्या नर्सच्या हातीच देतात, हे माझ्या गणितात नव्हतं. मी वाचलं. पेशींत बदल दिसतोय, पुढील तपासणीस ताबडतोब यावे. अक्षरं माझ्यासाठी होती आणि नाव साळूबाईचं.

“पन म्या त्या टेबलावर चढलेच न्हाई. मंग माजा रोग ह्यांला दिसला कुटनं?”

मागची मालनबाई म्हणाली, “समदं खोटं हाय. आमच्या चिठ्ठ्याबी तसल्याच. फुडल्या बारीला कोन जातंय आता!”

“नगरच्या लोकांचीच काहीतरी चूक असेल,” मी म्हणाले. इतक्या लवकर सबब तर दुसरीतल्या पोरालाही सुचत नाही.

साळूबाई माझ्याजवळ बसली. आवाज खाली आणला. “चूक नसंल तर? बाई, माजं काय बरंवाईट झालं, तर माज्या पोरीला, मोनिकाला, धाव्वीपतूर शिकवाल का? ह्यांच्यानं न्हाई व्हायचं त्ये.”

भिमाजी मान खाली घालून चपलेनं माती उकरत होता.

पोरं पाढा थांबवून माझ्याकडे पाहत होती.

“साळूबाई, चिठ्ठी माझी आहे,” मी म्हणाले. “तू पळालीस, तुझ्या फॉर्मवर मी जाऊन झोपले. गावाला कळू नये म्हणून.”

“म्हंजी रोग तुमचा?”

“हो.”

“आन् रातभर रडले मी?”

“हो.”

“घरोघर फिरून आमाला श्यानपन शिकवत हुत्या व्हय!” मालनबाईनं टोला दिला. बरोबरच होता.

साळूबाई उठली, पदर खोचला. “पोरास्नी सोडा. कापडं भरा. नगरची गाडी गावंल अजून.”

“तू येतेस?”

“तुमचा काय भरवसा? तितं जाऊन माजंच नाव सांगाल परत!”

नगरला डॉक्टरीणबाईंनी मला आधी पोटभर रागावून घेतलं, मग पुन्हा तपासलं, एक तुकडा काढून पाहायला पाठवला. आठवड्यानं कळलं, कॅन्सर झालेला नव्हता, होण्याच्या वाटेवर होता. तेवढा भाग काढून टाकायचा, गर्भपिशवीला धक्का नाही. उशीर केला असता तर हे सांगायला मी नसते, हेही त्यांनी तोंडावर सांगितलं.

त्या दिवशीही साळूबाई सोबत होती. डॉक्टरीणबाई तिच्याकडे वळल्या. “आणि तुमची तपासणी? ती तर राहिलीच.”

साळूबाईनं माझा दंड धरून मला कोपऱ्यात नेलं. “दुकतं का? नीट सांगा.”

“जरा चिमटा बसल्यासारखं होतं,” मी म्हणाले. “लाज मात्र खूप वाटते. मी तर डोळे घट्ट मिटून सतराचा पाढा म्हणत होते आणि तोही चुकला.”

ती खो-खो हसली. मग कापडाची पिशवी माझ्या हातात देऊन पडद्याआड गेली.