पडद्यावरची काळी पट्टी

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या गरोदर लेकीच्या पोटावर गार जेल चोपडलं आणि सोनोग्राफीचा प्रोब टेकवला, तेव्हा तो मशीनमागे वाकून वायर नीट करत होता. मशीन त्यानेच विकलेलं. परदेशातल्या दवाखान्यांनी मोडीत काढलेली यंत्रं कंटेनरने आणायची, दुरुस्त करून चकाचक करायची आणि विकायची, हा त्याचा धंदा. गिऱ्हाइकाने काहीही विचारलं तरी याचं उत्तर ठरलेलं, ‘अगदी नव्यासारखं’, त्यामुळे बाजारात त्याचं नावच ‘नव्यासारखे’ पडलं होतं. हे मशीन बसवून आठवडाही झाला नव्हता आणि गावातले बाकीचे डॉक्टर बाईंचा कौल काय येतो त्याकडे डोळे लावून होते. पहिलं नातवंड आपल्याच मशीनवर बघायचं, या हौसेने त्याने लेकीला मुद्दाम इथे आणलं होतं.

बाईंचा हात थांबला. त्यांनी प्रोब जरा दाबून पाहिला.

“काय झालं?” लेकीने विचारलं.

“बाळाच्या छातीवर सावली दिसतेय. हृदय झाकलं जातंय. लगेच घाबरू नका.”

असं म्हटल्यावर कोण घाबरत नाही? लेकीने चाचपडत हात पुढे केला, तो बापाने धरला. पुढे येऊन तो पडद्याकडे बघू लागला. बाळाच्या छातीतून एक काळी पट्टी सरळ खाली उतरली होती आणि बाकीचं चित्र इतकं स्वच्छ होतं की डोळ्यांवर अविश्वास दाखवायचीही सोय नव्हती.

तेवढ्यात बाळाने कूस बदलली. छाती बाजूला गेली, तिथे पाय आला. पट्टी मात्र होती तिथेच राहिली.

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई आधीच त्याच्याकडे बघत होत्या.

“काका, शर्ट वर करा.”

तो स्टुलावर बसला आणि इतकी वर्षं प्रेमाने वाढवलेली ढेरी त्याने उघडी केली. देवा, माल खोटा निघू दे. आख्ख्या धंद्यात असलं मागणं त्याने कधी मागितलं नव्हतं.

प्रोब टेकला. त्याच्या पोटातही तीच पट्टी, त्याच जागी.

प्रोबचाच काही भाग निकामी झालाय, असं बाई म्हणाल्या. मग प्रोब तिरका धरून, पट्टी टाळून त्यांनी बाळाचं हृदय शांतपणे पाहिलं. छान चाललं होतं. लेक रडता रडता हसायला लागली.

“बाबा, तुमचं मशीन खराब निघालं.”

“भिकार आहे अगदी,” तो डोळे पुसत म्हणाला.

गोदामात मशीन चालू करून पाहिलं होतं, पडदा उजळला, बटणं चालली. कुणाच्या पोटावर लावून बघायचं त्याला सुचलंच नव्हतं. तसं त्याने कबूलही केलं. बाई मात्र हसत नव्हत्या, त्या कुणाला तरी पुन्हा पुन्हा फोन लावत होत्या.

“परवा एकीला मी हीच सावली सांगितली. मोठ्या दवाखान्यात जा म्हटलं. तिचा फोन लागत नाहीये. माझ्या जुन्या मशीनवर पुन्हा बघायला हवं.”

“पत्ता द्या. मी घेऊन येतो.”

लेकीला घरी सोडून तो तसाच निघाला. त्या पेशंटचं घर गल्लीच्या टोकाला होतं. दार तिच्या सासूने उघडलं. आत प्रवासाची बॅग भरून ठेवलेली आणि सून भिंतीला टेकून बसलेली, दोन्ही हात पोटावर. वाटेत जुळवलेलं सगळं सोडून त्याने सरळ सांगून टाकलं.

“ताई, तुमची तपासणी झाली ते मशीन मी विकलेलं. ते खराब आहे. ती सावली मशीनची, बाळाची नाही.”

सून भिंतीपासून पुढे सरकली.

“नक्की खराब आहे?”

“नक्की. माझ्या पोटातसुद्धा तीच दिसते.”

सासू पदरात तोंड लपवून रडू लागली. सुनेने बॅग पायाने बाजूला सारली.

“पुन्हा एकदा सांगा,” ती म्हणाली.

तो उंबऱ्यावर टेकला आणि आपला माल किती वाईट आहे, ते पहिल्यापासून सांगू लागला.