करडी खुंटी

आमच्या घरात खेळण्यांचे दोन डबे होते. दोन्ही बिस्किटांचे, पत्र्याचे, एकाच मापाचे. पण हलवले की डोळे मिटूनही कळायचं, कुणाचा कोणता. माझा खळखळायचा. धाकट्या भावाचा बारीक कुरकुरायचा, आत कुणीतरी झोपेत दात खात असल्यासारखा.

माझ्या डब्यात विटा होत्या. प्लास्टिकच्या, डोक्यावर गोल टिकल्या असलेल्या. एकीवर दुसरी दाबली की घट्ट बसायची. त्याच्या डब्यात भोकाभोकांच्या पट्ट्या, दांडे, दातेरी चाकं, आणि पट्टीला पट्टी जोडायच्या, बोटाच्या पेराएवढ्या खुंट्या. मी घरं रचायची. तो यंत्रं करायचा.

"तुझं घर काय, नुसतं उभं राहतं," तो म्हणायचा.

"तुझं यंत्र काय, नुसतं वळवळतं."

"गवंडीण!"

"चक्रम!"

ही नावं आम्हाला पुढे चिकटलीच. मी इमारतींचे नकाशे काढणाऱ्या कचेरीत लागले, तो लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका मिस्त्रीच्या हाताखाली. मिशी फुटली तरी त्याचा डबा पलंगाखालीच होता. बाबा लवकर गेले होते. आई शिवणकाम करायची, आणि तिच्या मशीनच्या खडखडीत आम्ही दोघं वाढलो होतो.

एका सुट्टीच्या दिवशी तो माझ्याकडे विटा मागायला आला.

"सगळ्या करड्या दे. आईच्या मशीनवरच्या फळीवर घर करायचंय. भिंती तू रच, आतलं मी बघतो."

मी भिंती रचल्या, हातभर उंच. पुढे एकच दार, मागे एक वीट काढून ठेवलेलं भोक. मग त्यानं मला खोलीबाहेर घालवलं, आणि आत आले तेव्हा छप्पर बसलेलं होतं, दार बंद होतं.

"खिडक्या विसरलास की रे."

"विसरलो नाही. नकोच आहेत."

"आत काय आहे?"

"दार उघडलं की बघा. रबर ताणून ठेवलाय, आपापलं उघडेल. हात कुणी लावायचा नाही, डोकवायचं नाही. आई, हिच्यावर लक्ष ठेव."

आठवड्यानं त्याला ताप आला. तीन दिवस होता. चौथ्या दिवशी घरात फक्त आम्ही दोघी होतो.

दार काही उघडलं नाही. त्याचं गणित कुठेतरी चुकलं असावं. आम्ही त्या घराकडे बघायचं टाळत होतो. आई शिवताना मान खाली घालून शिवायची. असे दोन महिने गेले. मग एका दुपारी, साडेतीनच्या सुमाराला, मशीनचं चाक थांबलेलं असताना फळीवर आवाज झाला.

टक.

आईनं कापड सोडलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "ऐकलंस?"

दार तांदळाच्या दाण्याएवढं सरकलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा टक. तिसऱ्या दिवशीही. मागच्या भोकातून मोठं चाक दिसायचं. त्याच्या पलीकडे काळोख. मी आईच्या कापडावरच्या खडूनं एका दात्यावर खूण केली. रोज एक दाता पुढे. माझ्या परीनं मी कारणही शोधलं: ऋतू बदलला होता, ऊन आता साडेतीनला फळीवर पोचत होतं, प्लास्टिक तापून सैल होत असणार, आणि चाकाला अडवून धरणारी खिटी एक दाता सोडत असणार. मी हे आईला नीट समजावून सांगितलं, कागदावर आकृती काढून.

"हो," आई म्हणाली. "उन्हालाच सांगितलं असेल त्यानं."

मग दोन दिवस आभाळ भरून होतं. फळीवर उजेडाचा ठिपका नव्हता. दोन्ही दिवशी साडेतीनला टक झालं. ती आकृती मी फाडून टाकली.

आईनं दुपारी बाहेर जाणं सोडलं. मग सकाळीही सोडलं. शिवता शिवता गुणगुणायला लागली. शब्द तिचेच, तिथल्या तिथे जुळवलेले:

सुईच्या डोळ्यातून दोरा जातो पलीकडे,
माझ्या लेकराचं दार किलकिलं इकडे.

खरं तर दोरा कुठेच जात नव्हता. तिची नजर गेली होती, आणि हे आम्हाला कळलं ते शाळेतल्या मास्तरीणबाईंमुळे. त्या नवा शर्ट घेऊन आल्या, टेबलावर पसरला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"बाई, दोन्ही बाजूंना काजं केलीत. बटणं कुठे लावू, कानाला?"

आई हसली, मीही हसले. बाई गेल्यावर मी तिच्यापुढे बोटं धरली.

"किती?"

"तुझी बोटं आहेत, पाचच असणार."

दोन होती.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मोतीबिंदू पिकलाय. तेवढंच असतं तर घाई नव्हती. पण डोळ्यातला दाबही चढतोय. पंधरा दिवसांत ऑपरेशन करा. त्यापुढे केलं काय, न केलं काय, सारखंच."

"म्हणजे?"

"म्हणजे उरलेला उजेडही जाईल. मग तो कुणालाच आणता यायचा नाही."

घरी येऊन मी आईला काही न लपवता सांगितलं. ती सुईत दोरा ओवत होती. हल्ली ती सुई जिभेवर धरायची, जिभेनं भोक शोधायची.

"दवाखान्यात किती दिवस?"

"तीन-चार."

"मग दार उघडल्यावर जाऊ."

"आई, चाळीस दाते राहिलेत. डॉक्टरांनी पंधरा दिवस दिलेत."

"मी नसताना उघडलं तर?"

"तर मी असेन."

"तुला नाही बोलावलेलं त्यानं," आई म्हणाली. आवाज चढला नाही, म्हणून जास्त लागलं. "मला सांगून गेलाय, हिच्यावर लक्ष ठेव."

मी रडून पाहिलं, ओरडून पाहिलं. एक दिवस रिक्षा दारात आणून उभी केली. आईनं रिक्षावाल्याला पाणी दिलं, त्याच्या बाहीची उसवलेली शिवण हातानं चाचपून तिथल्या तिथे घालून दिली, आणि परत पाठवलं. "पोरगी घाईची आहे," त्याला म्हणाली. "लहानपणापासूनच."

पंधरातले नऊ दिवस असे गेले.

दहाव्या दिवशी मी कचेरीतून दुपारीच घरी आले. आई आंघोळीला गेली होती. पाण्याचा आवाज येत होता. मी स्टुलावर चढले. वाटलं, रोज कुणाला न कळता पाचसहा दाते पुढे ढकलायचे. पाच दिवसांत दार उघडेल, आई स्वतःहून निघेल. भावाचा शब्द मोडत होते, पण त्याचा जाब विचारायला आता कोण येणार होतं? असं मनात आलं आणि मानेवर गार वारा लागल्यासारखं झालं. मागे वळून पाहिलं. पलंग, त्याखाली त्याचा डबा, भिंतीवर आईची कात्री. कुणी नव्हतं.

मागच्या भोकातून दोन बोटं आत घातली. खिटी लागली. ती एका खुंटीवर बसवलेली होती. खुंटी जितकी घट्ट, तितकी खिटीची पकड. एका हातानं चाक धरलं, दुसऱ्यानं खिटी जरा उचलायला गेले, आणि खुंटीच्या टोकाचा कान तुटून ती माझ्या बोटांत आली. काळी खुंटी, अर्धी चिरलेली.

चाक सोडलं असतं तर सगळं संपलं असतं. मी ते तसंच दाबून धरलं, पायानं पलंगाखालचा डबा ओढला, स्टुलावरून वाकून, हात लांब करून त्यातली एक खुंटी उचलली. मूठभर खुंट्या होत्या, काळ्या आणि करड्या. मी करडी घेतली. भिंती करड्या होत्या, शोभेल म्हणून.

आता कळतं की ही चूक माझ्याच हातून व्हायची होती. मी विटांची माणूस. विटेच्या रंगाला काही अर्थ नसतो. लाल घ्या, पिवळी घ्या, ती तशीच बसते, तशीच धरून ठेवते. पण त्याच्या डब्यात रंग हा शोभेसाठी नव्हता. काळ्या खुंटीच्या अंगावर बारीक उंचवटे असतात, ती भोकाला आवळून धरते. करडी गुळगुळीत असते. ती भोकात बसते, पण धरत नाही. नुसती फिरत राहते.

करडी खुंटी आत गेली, नीट बसली. मी चाकावरचं बोट काढलं.

भर्रर्र असा आवाज झाला. आत सगळी चाकं एकदम सुटली, फळी थरथरली, उरलेले तीसेक दाते एका श्वासात निघून गेले आणि दार भिंतीवर फटकन आपटलं.

बाथरूममधला पाण्याचा आवाज थांबला.

आई ओल्या केसांनी खोलीत आली, भिंतीला हात लावत. मी स्टुलावरून उतरले होते. डबा पलंगाखाली ढकलला होता.

"उघडलं?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

ती फळीजवळ गेली. चेहरा दाराशी नेला, डोळे बारीक केले, मान इकडे केली, तिकडे केली. मग माझ्या दिशेनं हात पुढे करून म्हणाली, "मला दिसत नाही गं. तू बघ. काय ठेवलंय त्यानं आत?"

मी वाकून पाहिलं. चार भिंती, माझ्याच रचलेल्या. मागे त्याची चाकं, एका कोपऱ्यात ढिला पडलेला रबर. बाकी काही नव्हतं. ठेवायचं काहीतरी असेल, नंतर, सवडीनं. सवड झाली नसेल.

आईचा हात माझ्या मनगटावर होता. केसांतलं पाणी टपटप फरशीवर पडत होतं.

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "तुला बोलावलंय, तूच बघ. डोळे करून ये, आणि बघ."

तिनं ओले केस पिळून मागे टाकले. मग म्हणाली, "उद्याचं विचार डॉक्टरांना."

ऑपरेशन झालं. मी दिवसा दवाखान्यात, आणि कपडे-डबा न्यायला घरी, अशा फेऱ्या मारत होते. प्रत्येक फेरीत ते उघडं दार समोर. साडेतीनला मी घरी नसेन असं बघायचे, तरी एकदा सापडलेच. घड्याळाचा काटा पुढे गेला. कुठेच काही वाजलं नाही, आणि ते न वाजणं मला त्या टकपेक्षा जास्त ऐकू आलं. मी माझा डबा उघडला. विटांची एक खुर्ची केली, अंगठ्याएवढी, आणि त्या घरात ठेवून दिली. आई बघेल, तिला वाटेल त्यानंच ठेवली. लांबून पाहिली. चांगली दिसत होती. पण ती माझी होती. नुसती बसलेली होती. त्याच्या हातची असती तर निदान डुलली असती. मी ती काढून घेतली.

चौथ्या दिवशी आई घरी आली. चष्मा काळा, पण खाली न बघता उंबरा ओलांडला. पाणीसुद्धा न पिता ती फळीपाशी गेली, चष्मा काढला आणि आत बघितलं.

मला राहवलं नाही. "आई, ते रिकामं आहे. आणि दार त्यानं उघडलेलं नाही. मी उघडलं."

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"आंघोळीपासून. भर्रर्र झालं ना? तू करडी घातलीस. काळीवर त्याचं काही कधी असं पळालं नाही." ती अजून आतच बघत होती. "वीस वर्षं मी इथे बसून ऐकतेय तुम्हा दोघांना. डोळे शिवणात, पण कान उघडेच होते की."

"मग तरी गेलीस?"

"तू खोटं बोलायला लागलीस. तुला कधी जमलं नाही ते. म्हटलं, हीसुद्धा घाबरलीय. एकाला ताप आला तेव्हा मी म्हणत राहिले, उतरेल, उतरेल. पुन्हा तसंच बसून राहू?"

मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला दवाखान्याच्या साबणाचा वास येत होता. थोड्या वेळानं डोळे पुसून मी दार लावायला गेले. लावलं, हात काढला, ते पुन्हा उघडलं. परत लावलं. परत उघडलं, हळूच, आवाज न करता. आत धरून ठेवणारं काही उरलंच नव्हतं.

"काळी खुंटी शोधते," मी म्हणाले. "डब्यात असेल."

"नको, राहू दे उघडं. जायला नको का त्याला?"

"अगं, इतके दिवस तर वाट बघत होतीस, तो येणार म्हणून."

आईनं चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"येऊन गेला असेल," ती म्हणाली. "मला कुठे दिसत होतं?"